धुतलेलं इंजिन

"ये ये, हयसर ये. पूजा मांडलंय, बघ तरी!" दशरथ दारातूनच म्हणाले.

श्रुतिकाच्या कडेवर प्रांजल होती, खांद्यावर तिच्या दुपट्यांची पिशवी, आणि लिफ्ट आजही बंद असल्यामुळे जिने चढून तिला धाप लागली होती. डॉक्टरांकडे उशीर झाला, खाली घाटकोपरचा अर्धा रस्ता झेंडूच्या ढिगांनी अडवलेला, रिक्षावाले मान हलवून पुढे जाणारे. पण सासऱ्यांच्या आवाजात इतका उत्साह तिने सासूबाई गेल्यापासून ऐकला नव्हता. तेवढ्यानेच तिला बरं वाटलं. चला, बाबांनी काहीतरी मनावर घेतलं.

टीव्हीखाली पाट मांडला होता. पाटावर लाल ब्लाऊजपीस. त्यावर तिच्या नवऱ्याचा, नितेशचा पाना, पक्कड, टेस्टर, स्वयंपाकघरातली विळी, आणि त्यांच्या शेजारी तिचा बारीक चिमटा, तिचे ब्रश, उंचीप्रमाणे ओळीने लावलेले. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. मधोमध, झेंडूच्या टपोऱ्या फुलाला टेकून, वीतभरही लांब नसलेलं एक डिझेल इंजिन होतं. चॉकलेटी आणि पिवळं. लखलखीत.

हे कुणाचं, असंच आधी तिच्या मनात आलं. मग तिला खिडकीतला ड्रायव्हर दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचा निळा शर्ट तिनेच रंगवला होता.

"बाबा, हे... माझं?"

"तुझांच तर! खंडेनवमीक असां मळक्यां कसां ठेवतलंय? तुम्ही गेल्यात तेव्हांपासून बसलंय. एक दांडी मोडूक नाय, बघ. दातांचो ब्रश घेतलंय, नवो हां. आणि साबण नाय लावूक. प्रांजलचो शांपू लावलंय. म्हटलं नाजूक आसा."

"आबू, झुकझुक!" प्रांजलने आजोबांना हाक मारत कडेवरून दोन्ही हात पुढे केले.

श्रुतिकाने वाकून इंजिन उचललं. त्याला तिच्या लेकीच्या टाळूचा वास येत होता.

ती जे करायची त्याला त्या छंदातली मंडळी वेदरिंग म्हणतात. आईला फोनवर सांगताना ती म्हणायची, "अगं, नवं इंजिन जुनं करून देते." आईला ते कधीच पटलं नाही. पण या शहरात चाळिशी-पन्नाशीचे असे कितीतरी पुरुष आहेत जे घरातल्या एका खोलीत रूळ अंथरतात, डोंगर करतात, बोगदे करतात, आणि त्यातून खऱ्याच्या एकशेसाठाव्या हिश्शाएवढी गाडी सोडतात. त्यांची अडचण एकच. दुकानातून आलेलं इंजिन खेळण्यासारखं दिसतं. मग त्याला कुणीतरी हॉर्न लावावा लागतो, केसाएवढ्या तारेच्या कठड्याच्या दांड्या लावाव्या लागतात, नळ्या ओढाव्या लागतात. आणि मग धूर, तेल, गंज, घाटातली लाल माती, हे सगळं त्याच्या अंगावर असं चढवावं लागतं, की बघणाऱ्याला वाटावं हे वीस वर्षं राबलंय.

प्रांजलच्या वेळी श्रुतिकाला डॉक्टरांनी पलंगावरून उठू दिलं नव्हतं. दिवसेंदिवस कुशीवर पडून ती मोबाईलवर हेच बघायची. परदेशातली कुणी माणसं, टेबलावर एक दिवा, आणि चिमुकल्या डब्यावर गंज चढवणारे त्यांचे शांत हात. त्या काळात तिला दुसरं काही बघवायचं नाही. पोट जरा आवळलं तरी जीव घाबरायचा, आणि हे बघताना तो ठिकाणावर यायचा. मूल झाल्यावर तिने एक डबा रंगवून बघितला, मग दुसरा. त्यांचे फोटो फिरत फिरत पवईच्या अनिरुद्धपर्यंत पोचले.

अनिरुद्ध घाटाचा मोठा देखावा करत होता. त्याला सहा इंजिनं हवी होती. "आधी एक करून दाखवा," तो म्हणाला होता. "हात बसला तर बाकीची तुमचीच." उद्या दसरा. उद्या संध्याकाळी तो इंजिन न्यायला येणार होता.

आणि सोमवारी श्रुतिकाला ऑफिसला कळवायचं होतं, की ती परत रुजू होते की नाही. विमा कंपनीतल्या मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांनी आता शेवटचं विचारलं होतं. रुजू व्हायचं तर प्रांजलला पाळणाघरात ठेवावं लागणार. श्रुतिका ते बघून आली होती. एका खोलीत बारा पोरं, सगळ्यांची नाकं वाहती, कोपऱ्यात ओल. तिथे प्रांजलला एकदा सर्दी झाली की तिची छाती वाजायला लागणार, आणि ती वाजतेय हे ऐकायला श्रुतिका तिथे नसणार. सासऱ्यांच्या भरवशावर दिवसभर पोर सोडावी तर त्यांना वाफेचं मशीन लावता येत नव्हतं, आणि दुपारी त्यांचा डोळा लागायचा. तेव्हा सगळं या इंजिनावर होतं. नितेशचंही म्हणणं तेच, "तो बाकीची पाच देतोय ना, मग सोड जॉब. नायतर हे टेबल काढू, काय? घरात पाय ठेवायला जागा नाय."

इंजिनावरचा मळ चढवायला तिला तीन आठवडे लागले होते. तो धुऊन जाऊ नये म्हणून शेवटी वर एक मॅट लॅकर फवारायचं असतं. ते तिने फवारलं नव्हतं. त्याचा वास उग्र, डोक्यात जाणारा, आणि प्रांजलला गेले चार-पाच दिवस दम लागत होता. आज मुलीला बरं आहे असं डॉक्टर म्हणाले की दुपारी गच्चीवर जाऊन फवारू, असं तिने ठरवलं होतं. पोरीच्या छातीसाठी थांबली, आणि तेवढ्यात हे.

"बाबा, विचारलंत का मला?" तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "एकदा तरी विचारायचं ना!"

दशरथांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच अर्धं राहिलं. "काय झाला? खंय मोडलां काय?"

"मोडलं असतं तर बरं झालं असतं! तो मळ मी लावला होता. तेच माझं काम होतं. त्याचेच... त्यासाठीच तो माणूस येणार आहे उद्या!"

"मळ?" ते म्हणाले. "माका वाटला, पावडरी उडान बसली आसा. तुझ्या त्या टेबलावरची."

"हे तुमच्या शेडमधलं इंजिन नाहीये बाबा. तुमचं काम संपलं. हे माझं काम आहे, याला नका ना हात लावू!"

प्रांजल रडायला लागली. ती आईच्या आवाजाने रडली, आणि रडताना तिच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज आला, तेव्हा श्रुतिकाने इंजिन पाटावर ठेवलं. तिने पोरीला खांद्यावर घेतलं, पाठीवर तळवा ठेवून ऐकत राहिली. 

दशरथांनी पाटावरचं झेंडूचं फूल उचललं. कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं, इंजिनाला लावलेलं कुंकू धोतराच्या सोग्याने हलकेच टिपून घेतलं, आणि म्हणाले, "आण तिका. खाली झोपाळ्यार बसवतंय. तू तुझां काम कर."

दशरथ साठाव्या वर्षापर्यंत डिझेल शेडमध्ये सफाईवाले खलाशी होते. मालवणाकडून आले ते गिरणीत लागायला, पण गिरण्यांचे भोंगे तेव्हा बंद पडायला लागले होते, म्हणून रेल्वेत चिकटले. इंजिन शेडला आलं की त्याला केमिकल मारायचं, घासायचं, पाण्याच्या पाईपने धुवायचं. वर्षानुवर्षं तेच. नितेश एकदा श्रुतिकाला म्हणाला होता, लहानपणी शाळेत बाबांचं काम विचारलं की तो 'रेल्वेत' एवढंच सांगायचा. 

दार लागलं. श्रुतिकाने नितेशला फोन लावला.

"अगं, मग काय झालं? सांग ना त्याला, दोन दिवस दे म्हणून."

"त्यांचं रविवारी प्रदर्शन आहे. ते थांबणार नाहीत."

"मग वाट लागली."

"नितेश!"

"अरे, मग काय बोलू मी इथून? इथं कंपनीत शटडाऊन चाललाय." मग त्याने विचारलं, "बाबांना काय बोललीस का?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोललीस," तो म्हणाला. "बरं. संध्याकाळी बघू. तू जेव आधी."

तिचं टेबल खिडकीशी होतं, आणि त्याच्या चारी बाजूंनी छतापासून जमिनीपर्यंत जाड पारदर्शक प्लॅस्टिक सोडलेलं होतं, मच्छरदाणीसारखं. ती आत बसून काम करायची, प्रांजल बाहेरून प्लॅस्टिकला नाक लावून बघायची. काम संपलं की श्रुतिका ओल्या फडक्याने सगळं पुसायची, कपडे बदलायची, केस बांधायची, आणि तरी रात्री मनात यायचंच, की एखादा कण राहिला असेल. पोरीला वाचवायला घरी बसायचं आणि घरी बसून पोरीच्या छातीत धूळ घालायची, अशी गत. हे ती कुणाला बोलली नव्हती.

आत बसून तिने तोंडाला मास्क लावला आणि भराभर सुरुवात केली. करडी पावडर, तांबूस पावडर, धुराचं काळं. जे तीन आठवड्यांत झालं ते एका दुपारी व्हावं म्हणून ती चढवत गेली, आणि थोड्या वेळाने मान मागे घेऊन बघितलं तर इंजिन राबलेलं दिसत नव्हतं. चिखलात पडलेलं दिसत होतं.

तिने ओल्या बोळ्याने ते सगळं पुसलं. रडू आलं, तेही पुसलं.

मग निव्वळ काहीतरी करायचं म्हणून तिने डोक्याला भिंग अडकवलं आणि कुठे दांडी निखळली का ते बघायला इंजिन उजेडात धरलं. दांडी एकही निखळली नव्हती. सकाळी ज्यांनी हे धुतलं त्यांनी ते खरंच जपून धुतलं होतं. पण सगळा मळ गेला नव्हता. बाजूच्या जाळीच्या फटींत तो राहिला होता. पायऱ्यांच्या मागच्या कोनात होता. दांडी जिथे अंगाला टेकते तिथे, रिव्हेटच्या ओळीखाली, दाराच्या चौकटीच्या आत. ब्रश जिथे पोचू शकला नाही तेवढ्याच जागी. आणि बाकी सगळीकडे घासण्याच्या बारीक रेषा होत्या, वरून खाली, एका बाजूला कललेल्या.

ती बघतच राहिली. तिने तीन आठवडे चढवलेला मळ फोटो बघून चढवला होता. कुठे काळं, कुठे तांबडं, सगळं बरोबर होतं. पण त्या मळाला कधी कुणी पुसलं नव्हतं. ती फक्त धूळ आणि ऊनपाऊस धरून चालली होती. इंजिनाजवळ रोज माणसं असतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने काळा आणि तपकिरी रंग पाण्यात पातळ केला, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला, आणि रुंद ब्रशने इंजिन अंगभर माखून टाकलं. चाकांपासून छतापर्यंत. ते सुकत ठेवलं आणि ती जिने उतरून खाली गेली.

इमारतीमागे दोन झोपाळे होते, त्यातला एक मोडका. दुसऱ्यावर प्रांजल बसली होती. दशरथ एका हाताने झोका देत होते, दुसरा हात तिच्या पाठीमागे, पडलीच तर धरायला. 

"खोकली का?" श्रुतिकाने विचारलं.

"नाय. एकदा शिंकली." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "दिवाळीक मी गावाक जातंय म्हणतंय. मधुकर कधीचो बोलावता. भावाकडे चार दिस रवान बघतंय."

"चार दिवस, की राहायलाच?"

ते झोका देत राहिले.

"बाबा, मी मघाशी जे बोलले..."

"बरोबरच बोललंस. माझां काम संपलां. दहा वर्सां झाली संपून. मीच उगाच..."

"नाही संपलं. वर चला. मला तुमच्याकडून करून हवंय."

"काय तां?"

"इंजिन पुसून हवंय."

आता त्यांनी तिच्याकडे बघितलं. ही चेष्टा करते की काय, असं बघितलं. "सकाळी पुसलंय तर तू माका खाल्लंस!"

"सकाळी तुम्ही पूजेसाठी पुसलंत. मला तसं नकोय. ड्युटीवर पुसायचात तसं पुसा."

"नको गो बाय. परत काय चुकला तर? तो माणूस येतलो उद्या."

"चुकलं तर माझं चुकलं. चला ना." तिने प्रांजलला झोपाळ्यावरून उचललं. पोर आईच्या मानेत तोंड खुपसून पेंगायला लागली. "नितेश म्हणतो, वाट लागलीच आहे. मग आणखी काय लागणार?"

दशरथांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, पण श्रुतिकाला दिसलं.

प्रांजलला आतल्या खोलीत झोपवून दोघं टेबलाशी बसले. प्लॅस्टिकच्या आत दशरथ पहिल्यांदाच बसायला येत होते. ते अंग चोरून बसले, गुडघे मिटून, जणू कुणा साहेबाच्या खोलीत. माखलेलं इंजिन बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"शी! ह्यां काय केलंस?"

"पुसा आता."

"जुनां बनियन असात तर दी. ह्या तुझ्या कापसान काय होवचा नाय."

तिने नितेशचं फाटकं बनियन आणून दिलं. त्यांनी त्याची पट्टी फाडली, पाण्यात बुडवून पिळली, तर्जनीभोवती गुंडाळली.

"किती पुसू?"

"तुम्ही किती पुसायचात?"

"तां काय आपल्या हातात नसायचां. कधी वेळ असायचो, कधी गाडी लागलेली असायची. फोरमन बोंबलत येय, सोडा रे, सोडा. मगे जेवढां झालां तेवढां."

"मग समजा गाडी लागलीय."

त्यांनी पुसायला घेतलं. आधी चाचरत, मग हात मोकळा झाला. वरून खाली, वरून खाली, थोडं तिरकं. श्रुतिका बघत होती. बोटाखालून पिवळा पट्टा बाहेर येत होता, पण नुसता पिवळा नाही. खालच्या कडेला काळपट ओघळ ठेवून येत होता, आणि फटींतला काळा तसाच राहत होता. मध्येच दशरथ ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले. 

"काय म्हणालात?"

"काय नाय."

थोड्या वेळाने ते परत म्हणाले, आणि या वेळी तिला ऐकू आलं. "धोंड्या, पाणी सोड रे."

"धोंड्या कोण, बाबा?"

ते ओशाळले. "धोंडिराम. माझो जोडीदार. घाटावरचो होतो, साताऱ्याकडचो. एक बाजू माझी, दुसरी तेची. इंजिन मध्ये. दिवसभर एकमेकाचां तोंड दिसायचां नाय. पण ब्रशाचो आवाज येय. आवाज येता म्हणजे धोंड्या आसा. थांबलो की मी हाक मारूचंय, मेलंस काय रे? तो थयसून शिवी देय."

"आता कुठे असतात ते?"

"गेलो. केमिकलान छाती भरली होती तेची. रिटायर होवक पण नाय गावला तेका." पट्टी फिरत होती. "आमका मास्क बिस्क खंय होते तेव्हां? तू लावतंस तां बरां करतंस. पोरीक लांब ठेवतंस तां पण बरां करतंस. माका पयल्यांदा वाटलेला, ही बाय भारी शिष्ट. मगे समाजलां."

श्रुतिकाने खाली बघितलं. तिच्या त्या फडक्यांना, कपडे बदलण्याला, त्या प्लॅस्टिकला घरात आजवर सगळे हसलेच होते.

"झालां," दशरथ म्हणाले आणि हात मागे घेतला.

"ही एकच बाजू झाली."

"दुसरी माझी नाय. ती धोंड्याची." त्यांनी इंजिन रुळाच्या तुकड्यावर फिरवून ठेवलं. बनियनची दुसरी पट्टी फाडली आणि तिच्यासमोर धरली. "तू पूस. दोन हात वेगळे दिसाक व्हये. एका हाताचां इंजिन मी आयुष्यात बघूक नाय."

तिने पट्टी बोटाला गुंडाळली. तिचा हात त्यांच्यासारखा तिरका जाईना. तो सरळच जात होता, छोटा छोटा, घाबरत. खालच्या कोपऱ्यात तर ती नीट पोचलीच नाही. 

"फोरमन इलो हां," दशरथ म्हणाले. "सोडा रे, सोडा."

"थांबा ना, हे राहिलंय—"

"सोडा म्हटलं ना! पुण्याची गाडी खोळांबली आसा."

ती हसायला लागली आणि हात मागे घेतला. राहिलं ते राहिलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दशरथ प्रांजलला घेऊन तळमजल्यावरच्या अबोलीकडे सोनं द्यायला गेले, आणि श्रुतिकाने गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून लॅकर फवारलं. फवारताना डोळे मिटले. वास जाईपर्यंत ती वरच उभी राहिली. 

अनिरुद्ध संध्याकाळी आला तो आपट्याची पानं घेऊन. उंच, टक्कल पडत चाललेला, घरात शिरताना चपला काढून कडेला नीट लावून ठेवणारा माणूस. नितेशने त्याला खुर्ची दिली, श्रुतिकाने पाणी दिलं, पण त्याचं लक्ष टेबलाकडे होतं. इंजिन हातात घेतल्यावर त्याने खिशातून छोटी बॅटरी काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बघत बसला. छत बघितलं. हॉर्न बघितला. निळ्या शर्टाचा ड्रायव्हर बघितला. 

श्रुतिका प्रांजलला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीची पाठ तिच्या तळव्याखाली एकसारखी वरखाली होत होती, शांत, बिनआवाजाची.

"मी घाटातलं मागितलं होतं," अखेर तो म्हणाला.

"हो."

"लाल माती, चढावरचा धूर. फोटो पाठवले होते मी तुम्हाला."

"हो. ते केलं होतं. ते..." तिने मागे वळून बघितलं. आतल्या खोलीच्या दारात दशरथ उभे होते. नव्या सदऱ्यात, चौकटीला खांदा लावून. ते गेल्या तासाभरात एकदाही बाहेर येऊन बसले नव्हते.

"हे घाटातलं नाहीये," अनिरुद्ध म्हणाला. "हे शेडमधून आत्ता सुटलेलं आहे." त्याने इंजिन फिरवलं, परत फिरवलं. "आणि दोन्ही बाजू वेगळ्या का आहेत? ही बाजू बघा. आणि ही. हा हातच वेगळा आहे."

नितेशने श्रुतिकाकडे बघितलं.

"ती बाजू मी पुसलीय," ती म्हणाली. "ही आमच्या बाबांनी. ते शेडमध्ये इंजिनं धुवायचे. तीस वर्षांच्या वर." तिने प्रांजलला मांडीवर सावरलं. "तुम्हाला हवं तसं नसेल तर राहू दे. मला दुसरं करायला वेळ लागेल, पण मी हे परत मळवणार नाही."

शेवटचं ती कशी बोलून गेली ते तिला कळलं नाही. सोमवार तिच्या डोळ्यांपुढे आला, ती ओल धरलेली खोली आली. नितेशने खुर्चीतल्या खुर्चीत पाय हलवला. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

अनिरुद्धने बॅटरी बंद केली.

"मळवायचं कशाला?" तो म्हणाला. "माझ्या देखाव्यात शेडच नाहीये. नुसता घाट आहे. इतकी वर्षं करतोय, आणि शेड करावी असं सुचलंच नाही." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "हे मी नेतो. रविवारी ठेवतो. पुढचं मात्र घाटातलं करा, अगदी घाणेरडं. त्याच्या पुढची मग बघू, कुठली धुतलेली, कुठली नाही ते."

"बाकीची..." नितेशने विचारलं.

"यांनाच करायचीत ना? दुसरं कोण करणार?" त्याने इंजिन फोममध्ये ठेवलं, डब्याचं झाकण लावलं, आणि उठला. मग दाराशी जाता जाता तो वळला आणि आतल्या खोलीच्या चौकटीपाशी गेला.

"काका," त्याने हात पुढे केला.

दशरथांनी त्या हाताकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे, आधी तळवे, मग उलटे करून. सकाळीच अंघोळ झाली होती. त्यानंतर त्यांनी आपट्याच्या पानांखेरीज कशाला हात लावला नव्हता.

"एक मिन्ट हां सायबानू," ते म्हणाले, आणि मोरीकडे वळले.

नळ सुटल्याचा आवाज आला. साबण वडीवर घासल्याचा. श्रुतिकाला बसल्या जागेवरून त्यांची पाठ दिसत होती. सदऱ्याच्या बाह्या वर सारून ते कोपरापर्यंत साबण लावत होते, मग बोटांच्या बेचक्यांत, मग एकेका नखाच्या कडेला. नितेश उठून काहीतरी म्हणणार होता. तिने त्याला खुणेने बसवलं.

अनिरुद्ध चौकटीपाशी तसाच उभा होता. पुढे केलेला हात त्याने अजून मागे घेतला नव्हता.